टेबल गेले कुठे?

‘इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम’, ‘टेबल ऑर व्ह्यू डज नॉट एक्झिस्ट’, ‘टेबल डझन्ट एक्झिस्ट’, ‘रिलेशन डज नॉट एक्झिस्ट’. यातले पहिले वाक्य मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचे, दुसरे ओरॅकलचे, तिसरे मायएसक्यूएलचे आणि चौथे पोस्टग्रेसचे. ही चारही डेटाबेस सांभाळणारी सॉफ्टवेअर, म्हणजे नोंदी टेबलांत, तक्त्यांत साठवणारी. चारही वाक्ये वरवर एकच सांगतात: तुम्ही मागितलेली वस्तू माझ्याकडे नाही. धंद्याचे मोठे सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्याला यातले एखादे वाक्य कधी ना कधी भेटतेच आणि बहुधा नको त्या वेळी भेटते. गोंदिया जिल्ह्यात ती वेळ म्हणजे खरीप धानाची आवक भरात असताना काट्यावर लागलेली रांग, नाहीतर मार्चअखेरची रात्र.

या वाक्यावर विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे. टेबल खरोखर नाहीसे झाले आहे, असे दहात फार तर एक-दोनदा निघते. एरवी ते जागेवरच असते. विचारणारा भलत्या दारात उभा असतो, भलत्या नावाने हाक मारत असतो किंवा त्याला आत डोकावायची परवानगी नसते. हे न तपासता ‘नाही ना, मग नवीन बनवून टाकू’ असा जो झटपट इलाज केला जातो, त्यातून होणारे नुकसान मूळ एररपेक्षा मोठे असते.

आधी हा प्रश्न गोंदियात कुठे कुठे येतो ते पाहू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानावर जगतो. सरकारी खरेदी मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रांवर होते. तो धान भरडाईला राईस मिलमध्ये जातो आणि क्विंटलमागे ६७ किलो कच्चा किंवा ६८ किलो उकडा तांदूळ सरकारला परत द्यावा लागतो. एकाच आवारात सरकारी धान वेगळा, मिलचा स्वतःचा धान वेगळा, शिवाय बारदाना, कणी, कोंडा, तूस, हमाली, वाहतूक आणि लॉटवार जमा. हा हिशेब वहीत मावत नाही. म्हणून बऱ्याच मिलमध्ये नागपूर किंवा रायपूरच्या कुणाकडून तरी बनवून घेतलेले सॉफ्टवेअर चालते आणि त्याच्या पोटात एसक्यूएल सर्व्हर किंवा मायएसक्यूएल असते. नुसती टॅली वापरणाऱ्यांना हा लेख फारसा लागू नाही. टॅली आपला डेटा स्वतःच्या फायलींत ठेवते, तिची दुखणी वेगळी.

दुसरे ठिकाण म्हणजे सेवा सहकारी सोसायट्या. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. सगळ्यांसाठी एकच ईआरपी सॉफ्टवेअर आणि अंमलबजावणी नाबार्डकडे, अशी तिची आखणी. त्यामुळे पीककर्जाची खतावणी सांभाळणारा गटसचिवही आता डेटाबेसच्या दुनियेत आला आहे, त्याची इच्छा असो वा नसो. तिसरे ठिकाण महावितरणसारख्या कंपन्या. त्यांच्याकडे सॅप हे मोठे ईआरपी चालते आणि बिघाड झाला तर पाहायला तज्ज्ञांची फौज असते. मिलमालकाजवळ मात्र एक मोबाइल नंबर असतो आणि पलीकडून ‘एनीडेस्क (दुरून संगणक हाताळू देणारे सॉफ्टवेअर) चालू करा’ असे सांगणारा आवाज असतो.

आता कारणांकडे वळू. सगळ्यांत जास्त वेळ खाणारे आणि सगळ्यांत साधे कारण म्हणजे चुकीचा डेटाबेस. सॉफ्टवेअर कुठल्या सर्व्हरवर आणि कुठल्या डेटाबेसला जोडायचे, हे एका छोट्या सेटिंग फायलीत लिहिलेले असते. संगणक बदलला, सर्व्हरचे नाव बदलले, बॅकअप दुसऱ्या नावाने उतरवला आणि ही फाइल जुनीच राहिली, की टेबल ‘गायब’ होते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये आणखी एक गंमत आहे. लॉगिनला ठरावीक डेटाबेस नेमून दिला नसेल, तर ते मुकाट्याने ‘मास्टर’ नावाच्या व्यवस्थापकीय डेटाबेसमध्ये जाऊन बसते. तिथे तुमचे धान आवकेचे टेबल कशाला असेल? तरी एररमध्ये ‘मास्टरमध्ये नाही’ असे लिहून येत नाही, नुसते ‘नाही’ एवढेच येते. म्हणून टेबल शोधण्याआधी ‘मी आत्ता कुठे आहे’ हे डेटाबेसलाच विचारावे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘सिलेक्ट डीबी_नेम’ ही एका ओळीची आज्ञा त्यासाठीच आहे. बाकीच्या प्रणालींतही अशी सोय आहे. हा प्रश्न पहिल्या मिनिटात विचारला, तर एनीडेस्कवरचे दोन तास वाचतात.

याच कारणाचा खास आपल्याकडचा अवतार म्हणजे आर्थिक वर्ष. आपल्याकडची कितीतरी हिशेबी सॉफ्टवेअर दरवर्षी १ एप्रिलला नवा डेटाबेस बनवतात आणि जुना बाजूला ठेवतात. चालू वर्षाचे काम व्यवस्थित चालते. मग ऑगस्टमध्ये लेखापरीक्षक मागल्या वर्षाशी तुलना मागतो. अहवाल जुन्या डेटाबेसला नावाने हाक मारतो आणि ‘इनव्हॅलिड ऑब्जेक्ट नेम’ येते. टेबल तर सोडाच, नव्या संगणकावर जुना डेटाबेसच कुणी चढवलेला नसतो. एसक्यूएल सर्व्हर अशा वेळी डेटाबेस नाही असे न म्हणता, डेटाबेसच्या नावासकट सगळा पत्ता छापून ‘असे ऑब्जेक्ट नाही’ म्हणतो. त्या लांब नावातला पहिला तुकडा वाचला, तर उत्तर तिथेच असते. पण ती ओळ पूर्ण वाचायला कुणाला सवड नसते. फोनवर सांगताना तर ‘काहीतरी ऑब्जेक्टची एरर येते’ एवढेच उरते.

छापील अहवालांचे दुखणे याच जातीचे. क्रिस्टल रिपोर्टवर बनवलेले बिल किंवा गेटपास स्वतःच्या पोटात मूळ डेटाबेसचे नाव बाळगून असतो. बनवणाऱ्याच्या संगणकावर तो छान चालतो, मिलमध्ये आल्यावर ‘टेबल सापडले नाही’ म्हणतो. स्क्रीनवर सगळे दिसते आणि छापताना मात्र अडते, असे असेल तर डेटाबेसवर संशय घेऊ नका, अहवालाची फाइल तपासा.

दुसरे मोठे कारण म्हणजे नाव. मायएसक्यूएल विंडोजवर टेबलाच्या नावातली मोठी-लहान अक्षरे एकच मानतो, लिनक्सवर वेगवेगळी मानतो. खर्च वाचावा म्हणून मिलचे सॉफ्टवेअर विंडोजच्या संगणकावरून क्लाउडवरच्या लिनक्स सर्व्हरवर हलवले, की काल चालणारी निम्मी पाने आज ११४६ क्रमांकाची एरर देतात. प्रोग्राममध्ये एका ठिकाणी नाव मोठ्या अक्षराने, दुसऱ्या ठिकाणी लहान अक्षराने लिहिलेले असते आणि विंडोजने वर्षानुवर्षे तो गबाळेपणा पोटात घातलेला असतो. पोस्टग्रेस अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले नाव लहान अक्षरांत बदलून घेतो, ओरॅकल मोठ्या. त्यामुळे कुणी हौसेने अवतरणचिन्हांत मिश्र अक्षरांचे टेबल बनवले, तर साध्या हाकेला ते कधीच ओ देत नाही.

नावाला आडनावही असते, त्याला स्कीमा म्हणतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बहुतेक टेबलांचे आडनाव ‘डीबीओ’. एखाद्या तंत्रज्ञाने भलत्याच वापरकर्त्याने आत शिरून टेबल बनवले, तर ते त्या वापरकर्त्याच्या स्कीमात जाऊ शकते. त्याला स्वतःला ते दिसते, सगळे ठीक चालते आणि तो निघून जातो. दुसऱ्या दिवशी काट्यावरचा ऑपरेटर लॉगिन करतो आणि त्याला टेबल मिळत नाही. २००५च्या आवृत्तीआधी तर वापरकर्ता आणि स्कीमा ही एकच गोष्ट होती. त्या काळात बनलेली आणि पुढे ठिगळे लावत आलेली सॉफ्टवेअर अजून चालू आहेत, त्यांत हा घोळ नेहमी सापडतो. ओरॅकलच्या मोठ्या प्रणालींत आडनावाशिवाय हाक मारायची सोय सिनॉनिम, म्हणजे पर्यायी नावे, करून देतात. टेबल एका मालकाचे, वापर दुसऱ्याचा आणि मधे सिनॉनिमचा धागा. नव्या आवृत्तीत टेबल आले पण सिनॉनिम बनवायचे राहिले, तर वापरणाऱ्याच्या लेखी टेबल नाहीच.

परवानगीचा मुद्दा मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटतो. ओरॅकलचा ००९४२ हा क्रमांक दोन पूर्ण वेगळ्या परिस्थितींत येतो: टेबल नसेल तेव्हा, आणि टेबल आहे पण तुम्हाला पाहायचा हक्क नाही तेव्हाही. हे मुद्दाम केले आहे. ‘आहे, पण तुला दाखवणार नाही’ असे उत्तर दिले, तर आत काय काय आहे याची यादी परक्याला फुकट मिळेल. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच, पण दुरुस्ती करणाऱ्याची त्यात दिशाभूल होते. त्यात आणखी एक पेच आहे. ओरॅकलमध्ये भूमिकेतून, म्हणजे रोलमधून मिळालेला हक्क साधारणपणे प्रोसिजरच्या, म्हणजे डेटाबेसमध्ये साठवून ठेवलेल्या आज्ञांच्या संचाच्या, आत धरला जात नाही. त्यामुळे तीच क्वेरी हाताने चालवली तर चालते, प्रोसिजरमध्ये टाकली की ‘टेबल नाही’. हे माहीत नसलेला माणूस रात्रभर टेबल शोधत बसतो. इलाज एका ओळीचा असतो: त्या वापरकर्त्याला थेट परवानगी द्या.

एसक्यूएल सर्व्हर इथे थोडा मोकळा आहे. वाचायला गेलात तर ‘परवानगी नाही’ असे वेगळ्या क्रमांकाने स्पष्ट सांगतो. टेबलाच्या रचनेत बदल करायला गेलात तर ‘ऑब्जेक्ट नाही किंवा तुम्हाला परवानगी नाही’ असे दोन्ही एका वाक्यात सांगतो. या साऱ्या एररांत मला हेच वाक्य सर्वांत प्रामाणिक वाटते.

बॅकअप नव्या संगणकावर उतरवल्यावरही परवानगीचाच घोळ होतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॉगिन सर्व्हरवर असते आणि वापरकर्ता डेटाबेसमध्ये. दोघांची गाठ नावाने पडत नाही, आतल्या ओळख क्रमांकाने पडते. नव्या सर्व्हरवर त्याच नावाचे लॉगिन बनवले तरी क्रमांक वेगळा पडतो आणि डेटाबेसमधला वापरकर्ता पोरका होतो. ती गाठ पुन्हा बांधून देणारी आज्ञा आहे आणि ती चालवायला मिनिटही लागत नाही. मात्र हे न कळल्याने सगळ्यांना प्रशासकाचे सर्वाधिकार देऊन मोकळे होण्याची जी रीत पडली आहे, ती घातक आहे. मग काट्यावरच्या ऑपरेटरच्या हातूनही टेबल उडू शकते.

आता वस्तू खरोखरच नसते त्या प्रसंगांकडे येऊ. यातला मोठा वाटा अर्धवट राहिलेल्या अपडेटचा. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, ई-वे बिल १ एप्रिल २०१८ ला, पॅकबंद तांदळावरचा कर १८ जुलै २०२२ ला, पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस १ ऑगस्ट २०२३ ला. कंपन्यांच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाले. यातल्या प्रत्येक तारखेमागे सॉफ्टवेअरवाल्यांनी घाईघाईने नवी टेबले, नवे कॉलम आणि नव्या प्रोसिजर पाठवल्या. प्रोग्राम नवा चढला आणि डेटाबेसवरची स्क्रिप्ट अर्ध्यात थांबली, की नव्या प्रोग्रामला नवे टेबल सापडत नाही.

अर्ध्यात का थांबते? लाइट जाते, हे तर आहेच. पण प्रणालींचे स्वभावही कारणीभूत असतात. पोस्टग्रेसमध्ये टेबल बनवण्याची कामे एका व्यवहारात गुंफता येतात, शेवटचे चुकले तर पहिलेही मागे घेतले जाते. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये टेबल बनवण्याची प्रत्येक आज्ञा तिथल्या तिथे पक्की होते. चाळिसातली सव्विसावी आज्ञा फसली, तर पंचवीस बदल झालेले आणि पंधरा न झालेले असा डेटाबेस हाती उरतो. एसक्यूएल सर्व्हरला मागे घेणे जमते, पण बहुतेक स्क्रिप्ट ‘गो’ या शब्दाने तुकडे पाडून लिहिलेल्या असतात. एक तुकडा फसला तरी पुढचे तुकडे बिनदिक्कत चालतात आणि स्क्रिप्ट संपल्यावर ‘झाले’ असा समज होतो. मधली लाल ओळ वर सरकून गेलेली असते.

जागा संपणे हेही एक दडलेले कारण आहे. छोट्या मिलमध्ये एसक्यूएल सर्व्हरची फुकट मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती असते. नव्या २०२५च्या आवृत्तीने मर्यादा ५० जीबीपर्यंत वाढवली, पण त्याआधी कितीतरी वर्षे ती एका डेटाबेसला १० जीबी होती आणि मिलमध्ये बहुधा जुनीच आवृत्ती असते. आवकेच्या पावत्यांचे फोटोही डेटाबेसमध्येच कोंबण्याची सवय असेल, तर १० जीबी भरायला फार हंगाम लागत नाहीत. भरल्यावर नवे टेबल बनत नाही. अपडेट त्याची तक्रार एखाद्या लॉग फायलीत नोंदवते आणि ऑपरेटरपुढे मात्र ‘ऑब्जेक्ट नाही’ येते. म्हणजे दिसणारी एरर दुसरी असते, पहिली कुणी वाचलेलीच नसते. लॉग वाचण्याचा आळस हा आपल्या तंत्रज्ञांचा सार्वत्रिक दोष आहे, असे माझे मत आहे.

एरर महिन्यांनी का उगवते, याचेही उत्तर इथे आहे. एसक्यूएल सर्व्हर प्रोसिजर साठवून घेताना तिच्यातले टेबल अस्तित्वात आहे का, हे पाहत नाही. ती तपासणी चालवण्याच्या वेळेवर ढकलतो. त्यामुळे एप्रिलच्या अपडेटमध्ये राहून गेलेले टेबल वर्षातून एकदाच चालणाऱ्या अहवालात पुढच्या मार्चला कळते. ओरॅकल अशी प्रोसिजर लगेच अवैध म्हणून खूण करून ठेवतो. त्यामुळे अपडेटनंतर अवैध वस्तूंची यादी काढणे हा तिथल्या लोकांचा नेमच असतो. सॅपमध्येही शब्दकोशात असलेल्या पण डेटाबेसमध्ये नसलेल्या टेबलांची आणि इंडेक्सची तपासणी डीबी०२ या व्यवहारात करता येते. अशी सोय मिलच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी असे कुणी मागत नाही, म्हणून कुणी देतही नाही. नव्या आवृत्तीत कोणकोणती टेबले असायला हवीत याची यादी आणि ती आहेत का हे पाहणारे एक बटण, एवढे काम एका दुपारचे आहे.

काही प्रकार चुटक्यासारखे आहेत. एखादा तंत्रज्ञ कामचलाऊ टेबल एसक्यूएल सर्व्हरच्या ‘टेम्पडीबी’ या तात्पुरत्या डेटाबेसमध्ये बनवून जातो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की ‘टेम्पडीबी’ कोरा होतो आणि रोज सकाळी तीच एरर येते. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्यांत डेटाबेसची फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून ‘बॅकअप घेतला’ म्हणणारे पुष्कळ होते. फोल्डरमध्ये टेबलाच्या आराखड्याची फाइल येते, पण डेटा साठवणाऱ्या इनोडीबी या इंजिनाची मुख्य फाइल बाहेर राहते. मग नव्या संगणकावर यादीत टेबलाचे नाव दिसते आणि उघडायला गेले की ‘नाही’.

आणि शेवटी, कुणीतरी खरेच काढून टाकलेले असते. बहुधा जाणूनबुजून नाही. चाचणीचा आणि खऱ्या कामाचा सर्व्हर स्क्रीनवर सारखेच दिसतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरचीच पोस्टग्रेसची डेटा फोल्डर पुसायला घेतली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीतला बहुतेक डेटा गेला होता. रोजचा बॅकअप घेणारे साधन जुन्या आवृत्तीचे असल्याने बरेच दिवस बॅकअप निघतच नव्हता आणि तसे कळवणारे इमेलही अडवले जात होते. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत होती, म्हणून नुकसान सहा तासांपुरते राहिले. अमेरिकेत ११ जानेवारी २०२३ ला वैमानिकांना सूचना देणारी यंत्रणा बंद पडून देशभरची उड्डाणे थांबली. मुख्य आणि राखीव डेटाबेस जुळवताना कंत्राटी कर्मचाऱ्यांकडून चुकून फायली पुसल्या गेल्या होत्या. एवढ्या मोठ्या संस्थांत हे घडते, तर चहा घेत घेत तीन मिलचे एनीडेस्क एकाच वेळी उघडून बसलेल्या मुलाच्या हातून घडणारच नाही, असे मानण्याचे कारण नाही.

शोध कसा घ्यावा? पहिली गोष्ट, एररचा मजकूर जसाच्या तसा, फोटोसकट. दुसरी, कोण विचारतो आहे: कुठला संगणक, कुठले लॉगिन, कुठला डेटाबेस. तिसरी, यादीत पाहणे. १९७० साली एडगर कॉड यांनी टेबलांवर आधारलेल्या डेटाबेसची कल्पना मांडली. पुढे १९८५ मध्ये त्यांनी असा आग्रह धरला, की डेटाबेसमध्ये काय काय आहे याची यादीही टेबलांतच असावी आणि तिला त्याच भाषेत प्रश्न विचारता यावेत. त्यामुळे आज प्रत्येक मोठ्या प्रणालीला ‘या नावाचे काही आहे का, कुठल्या स्कीमात’ हे सरळ विचारता येते. फक्त हा प्रश्न प्रशासकाच्या लॉगिनने आणि एररवाल्या लॉगिनने असा दोनदा विचारावा. प्रशासकाला दिसले आणि ऑपरेटरला नाही, तर परवानगी किंवा स्कीमा. दोघांनाही नाही, तर शेजारच्या डेटाबेसांत पाहावे. कुठेच नाही, तर मग अपडेटचा लॉग आणि कुणी काय काढले याचा इतिहास. एसक्यूएल सर्व्हर असे बदल काही काळ आपोआप टिपून ठेवतो, पण फायली फिरत राहतात आणि जुन्या नोंदी पुसल्या जातात. म्हणून सर्व्हर उगीच चार वेळा बंद-चालू करू नये.

सोसायटीच्या गटसचिवाला यातले फारसे करता येत नाही, कारण त्याचा डेटाबेस त्याच्या गावात नसतो. त्याच्या हाती तक्रार असते, पण तक्रार कशी लिहिली यावर बरेच अवलंबून असते. ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ या तक्रारीला उत्तर येत नाही. ‘अमुक तारखेला सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी, अमुक लॉगिनने, कर्जवाटपाच्या नोंदीवर जतन करा दाबले आणि असा मजकूर आला, शेजारच्या गावच्या सोसायटीत तीच नोंद होते’ असे लिहिले, तर पलीकडच्या माणसाला निम्मे निदान आयते मिळते. शेवटचा तुकडा विशेष कामाचा. शेजारी चालते आणि इथे नाही, म्हणजे बहुधा टेबल शाबूत आहे आणि दोष या संस्थेच्या परवानग्यांत किंवा डेटा उतरवण्यात आहे.

आता त्या घातक इलाजाबद्दल. टेबल नाही म्हटल्यावर त्याच नावाचे रिकामे टेबल बनवले की एरर तत्काळ जाते आणि सगळे खूश होतात. हे म्हणजे घरातला माणूस बेपत्ता झाला असता त्याच नावाचा परका आणून पंगतीत बसवणे. बारदान्याच्या जमेचे टेबल रिकामे झाले, तर सॉफ्टवेअर बारदाना शून्य धरते आणि त्या शून्यावर पुढची बेरीज-वजाबाकी बिनचूक करत राहते. कुठे लाल अक्षर दिसत नाही. फेडरेशनशी हिशेब जुळवताना तफावत निघते, तोवर त्या रिकाम्या टेबलात दोन महिन्यांच्या नव्या नोंदी पडलेल्या असतात आणि जुने टेबल परत आणले तर दोन्हींची सांधेजोड हाताने करावी लागते. मोठ्या प्रणालींतही हा मोह आहे. सॅपच्या एसई१४ मध्ये टेबल डेटाबेसशी जुळवून घेताना ‘डेटा राखा’ आणि ‘डेटा पुसा’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी असतात. घाईतल्या बोटाला दोन्ही सारखेच. एसक्यूएल सर्व्हरच्या दुरुस्तीच्या आज्ञेतला एक पर्याय तर ‘डेटा गेला तरी चालेल’ असे नावातच सांगतो, तरी लोक तो आधी चालवतात आणि नंतर वाचतात.

योग्य रीत कंटाळवाणी आहे. आहे त्या स्थितीचा बॅकअप आधी घ्यायचा, मग शेवटचा चांगला बॅकअप वेगळ्या नावाने बाजूला उतरवायचा आणि त्यातून हवे तेवढे टेबल उचलून आणायचे. ओरॅकलमध्ये काढलेले टेबल काही काळ कचरापेटीत राहते आणि एका आज्ञेने परत येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कचरापेटी नाही. तिथे डेटाबेस पूर्ण नोंदीच्या पद्धतीवर असेल आणि लॉगचे बॅकअप असतील, तर टेबल उडण्याच्या मिनिटभर आधीपर्यंत पोहोचता येते. साध्या पद्धतीवर असेल, तर काल रात्रीचा बॅकअप हीच हद्द.

आणि तो काल रात्रीचा बॅकअप आहे का? एक्स्प्रेस आवृत्तीत वेळापत्रकाने कामे करणारा एजंट दिलेलाच नाही. बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून लावावा लागतो आणि तो लावून दिलेला संगणक बदलला, की बॅकअप बंद पडतो. कुणाला कळत नाही, कारण बॅकअप न होण्याची एरर स्क्रीनवर येत नाही. कित्येक ठिकाणी बॅकअपची फाइल त्याच डिस्कवर असते, तिला काय अर्थ?

मिलमालकांना आणि सोसायट्यांच्या अध्यक्षांना माझे एवढेच सांगणे आहे. वार्षिक देखभालीच्या करारात तीन कलमे लिहून घ्या: प्रत्येक अपडेटचा लॉग लेखी मिळाला पाहिजे, रोजच्या ऑपरेटरला टेबल बनवण्याचा वा काढण्याचा अधिकार नसावा, आणि ‘टेबल नाही’ अशी एरर आल्यास तुमच्या लेखी परवानगीशिवाय कुणीही नवे टेबल बनवू नये. सोसायटीचा डेटाबेस बाहेर असेल, तर याच गोष्टी तालुका पातळीवर विचारा. आणि येत्या ३१ मार्चच्या आधी एका दिवशी सॉफ्टवेअरवाल्याला समोर बसवून काल रात्रीचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवायला सांगा. त्यातला धान, तांदूळ आणि बारदान्याचा साठा तुमच्या गोदामाच्या नोंदवहीशी जुळला, तरच पुढच्या वर्षाच्या देखभालीचे बिल मंजूर करा.